थोमाने विचारले म्हणून बरे झाले

आजचे मनन : योहान १४:१-९
सोबत वाचा : उत्पत्ती २८:१०-१७, लूक २३:३९-४३, इब्री १०:१९-२२



प्रियांनो, आजचं वचन आपल्याला इतकं पाठ आहे की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगू. मंडळीच्या भिंतीवर ते असतं, नवीन वर्षाच्या कॅलेंडरवर असतं, कुणाच्या घराच्या दारावर तर कुणाच्या कबरेवर असतं. येशूने स्वतःला मार्ग, सत्य आणि जीवन म्हटलं, ते हे वचन. पण पाठ असलेल्या वचनाचं एक होतं. ते रोज डोळ्यांसमोर असतं आणि तरी वाचलं जात नाही. म्हणून आज आधी बायबल उघडा आणि सहाव्या वचनाच्या आधी पाचवं वचन वाचा. सहावं वचन हे उत्तर आहे. प्रश्न पाचव्यात आहे, आणि तो थोमाचा आहे.

त्या रात्री काय चाललं होतं

वल्हांडणाचे दिवस होते. माडीवरच्या खोलीत जेवण झालं होतं. प्रभूने स्वतः कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले होते. त्यानंतर एकेक गोष्ट अशी घडत गेली की प्रत्येकाच्या काळजात धस्स झालं. प्रभू म्हणाला, तुमच्यातलाच एक मला धरून देईल. यहूदा घास घेऊन बाहेर निघून गेला, आणि योहान तिथे मुद्दाम लिहितो की तेव्हा रात्र होती. मग प्रभू म्हणाला, मी आता थोडाच वेळ तुमच्याबरोबर आहे. पेत्र छाती पुढे काढून बोलला, तर त्याला ऐकावं लागलं की कोंबडा आरवण्याच्या आधी तू मला तीन वेळा नाकारशील.

इथे तेरावा अध्याय संपतो. पण अध्यायांचे आकडे फार नंतर घातले गेले. योहानाने लिहिलं तेव्हा मध्ये काही खंड नव्हता. म्हणजे पेत्राला ते कडू सत्य सांगितल्यावर पुढचंच वाक्य प्रभू असं बोलला की, तुमचं मन अस्वस्थ होऊ देऊ नका. ज्या माणसाला उद्या पहाटे स्वतःची लाज वाटणार आहे, त्याला आदल्या रात्रीच धीर दिला जातो आहे. केवढी ही कृपा!

मग प्रभू पित्याच्या घराविषयी सांगतो. तिथे पुष्कळ जागा आहे, मी तुमच्यासाठी जागा तयार करायला जातो, परत येऊन तुम्हांला घेऊन जाईन. आणि शेवटी म्हणतो, मी जिथे जातो तिथली वाट तुम्हांला ठाऊक आहे.

आता खोलीतले बाकीचे काय करत असतील बघा. बहुतेक माना हलवत असतील. मंडळीत आपण हलवतो तशा. सगळ्यांना कळलं असं दिसतं म्हणून ज्याला कळलं नाही तोही गप्प बसतो. थोमा मात्र गप्प बसला नाही. त्याने सरळ सांगितलं की, प्रभु, तू कुठे जातोस तेच आम्हांला माहीत नाही, मग वाट कुठून माहीत असणार?

आपण या माणसाला 'संशयी थोमा' म्हणून टाकतो. पण अकराव्या अध्यायात हाच थोमा, येशू यहूदीयात परत निघाला तेव्हा, आपणही जाऊ आणि त्याच्याबरोबर मरू, असं सोबत्यांना म्हणाला होता. ज्याच्याबरोबर मरायची तयारी आहे, त्यालाच तो विचारतो आहे. प्रभू त्याच्यावर रागावला नाही. 'इतके दिवस माझ्याबरोबर राहून हे विचारतोस?' असं थोमाला म्हणाला नाही. त्याने उत्तर दिलं, आणि ते उत्तर आज सगळ्या जगाला पाठ आहे. थोमा संकोचून गप्प बसला असता, तर त्या रात्री हे वचन कुणाच्या प्रश्नावर आलं असतं? म्हणून म्हणतो, थोमाने विचारलं म्हणून बरं झालं.

पत्ता मागितला, हात मिळाला

थोमाला काय हवं होतं? ठिकाण आणि रस्ता. कुठे जायचं आणि कसं जायचं. आपण कुणालाही वाट विचारतो तेव्हा एवढंच अपेक्षित असतं.

गावाकडचं माणूस शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात पहिल्यांदा येतं, तेव्हाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. हातात केस पेपर, बरोबर आजारी आई. भिंतीवर बाण आहेत, पाट्या आहेत. खिडकीतला माणूसही सांगतो, 'सरळ जा, जिना चढा, डावीकडे तेरा नंबर.' सांगणं अगदी बरोबर असतं, पण आईला एक पाऊल टाकवत नाही आणि मुलाचं डोकं चालेनासं झालेलं असतं. तेवढ्यात तिथे कामाला असलेला कुणी गाववाला भेटतो आणि म्हणतो, 'मावशी, बसा या खुर्चीवर. मी नेतो.' चाकाची खुर्ची ढकलत तो घेऊन जातो. दारावरचा शिपाई अडवतो तेव्हा एवढंच म्हणतो, 'माझ्याबरोबर आहेत.' आणि दार उघडतं.

देवाचं नियमशास्त्र त्या पाटीसारखं आहे. पौल रोमकरांस पत्रात सांगतो की ते पवित्र आहे, न्याय्य आहे, चांगलं आहे. पाटीत काही चूक नाही. पण ज्याला उभंच राहता येत नाही त्याचं काय? खरं बोला, देवावर पूर्ण मनाने प्रीती करा, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करा. वाचता सगळ्यांना येतं. चालून कोण दाखवणार? एका आठवड्याचा स्वतःचा हिशोब मांडला तरी आपण कुठे बसलो आहोत ते कळतं.

म्हणून प्रभूने थोमाला आणखी एक पाटी दिली नाही. इतकं कर, तितकं कर, मग पोचशील, असं सांगितलं नाही. त्याने स्वतःकडे बोट दाखवलं. वाट मीच आहे.

पण दृष्टान्त शेवटी दृष्टान्तच असतो. त्या भल्या गाववाल्याचा अर्धा तास गेला, बाकी काही गेलं नाही. आपल्या प्रभूला मात्र वाट होण्यासाठी प्राण द्यावा लागला. इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायात ते स्पष्ट लिहिलं आहे. परमपवित्र स्थानात जाण्याची नवी आणि जिवंत वाट त्याने पडद्यातून उघडली, आणि तो पडदा म्हणजे त्याचं शरीर.

'माझ्याद्वारे' हा शब्द कुणासाठी आहे

आता याच वचनाचा दुसरा भाग. प्रभू म्हणतो की माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कुणी येत नाही. हा भाग पुष्कळांना जड जातो. आपल्या घरांतही जड जातो. कुणाचा मामा, कुणाची आत्या, कुणाचे जिवाभावाचे शेजारी वेगळ्या श्रद्धेचे असतात. त्यांच्यापुढे हे वचन कसं बोलायचं?

आधी हे बघा की प्रभूने ते कुणाला सांगितलं. भर चौकात विरोधकांशी वाद घालताना ते उच्चारलेलं नाही. बंद खोलीत, आपल्याच घाबरलेल्या माणसांना, धीर देण्यासाठी ते सांगितलेलं आहे. म्हणून त्याची काठी करून कुणाच्या डोक्यात घालू नये.

दुसरं, त्या काळच्या मंदिराची रचना आठवा. यरुशलेमच्या मंदिरात बाहेरच्या अंगणात परराष्ट्रीय लोक येऊ शकत. त्यांच्या पुढे एक कठडा होता, आणि त्यावर ग्रीक भाषेत दगडी पाट्या होत्या की, परक्या माणसाने याच्या आत पाऊल टाकलं तर त्याच्या मरणाला तोच जबाबदार. ही ऐकीव गोष्ट नाही. १८७१ साली यरुशलेममध्ये असा एक अख्खा दगड सापडला आणि आज तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. कठड्याच्या आत स्त्रियांचं अंगण, त्याच्या आत इस्राएली पुरुषांचं, त्याच्या आत याजकांचं. सगळ्यांत आत पडदा, आणि पडद्याच्या आत फक्त प्रमुख याजक, तोही वर्षातून एकच दिवस, प्रायश्चित्ताच्या दिवशी, रक्त घेऊन.

बाहेर थांबणं म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या आज्या-पणज्या देवाच्या दारापासून लांब उभ्या राहिल्या आहेत. दुरून हात जोडायचे आणि दुरूनच परत फिरायचं.

येशूने वधस्तंभावर प्राण सोडला तेव्हा मंदिराचा तो पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, असं मत्तय सांगतो. वरपासून, म्हणजे देवाच्या बाजूने. आता 'माझ्याद्वारे' हा शब्द पुन्हा वाचा. देवाकडे जायला जन्म लागत नाही, जात लागत नाही, भाषा लागत नाही, शिक्षण लागत नाही, पैसा लागत नाही. फक्त येशू लागतो, आणि तो सगळ्यांना मिळतो. दार एकच आहे हे खरं. पण त्या दारावर कुणाला आडनाव विचारत नाहीत.

याची साक्ष लूकच्या तेविसाव्या अध्यायात आहे. येशूच्या शेजारी एक गुन्हेगार टांगलेला होता. त्याच्याकडे चांगली कामं नव्हती आणि ती करायला वेळही उरला नव्हता. बाप्तिस्मा घ्यायला तो खाली उतरू शकत नव्हता, दान द्यायला हात मोकळे नव्हते. तो एवढंच म्हणाला की तू आपल्या राज्यात येशील तेव्हा माझी आठवण कर. आणि त्याच दिवशी सुखलोकात सोबतीचं वचन त्याला मिळालं. एक पाऊलही टाकता न येणारा माणूस पोचला, कारण वाटच त्याच्या शेजारी टांगलेली होती.

हजारो मैल चाललेली एक मुलगी

आपल्या महाराष्ट्राला पंडिता रमाबाई ठाऊक आहेत. त्यांचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. समाजाचा विरोध पत्करून त्यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवलं. हे कुटुंब वर्षानुवर्षे तीर्थयात्रा करत देशभर फिरलं, पुराणं सांगत, उपास करत, नद्यांमध्ये स्नान करत. मग १८७० च्या दशकात दुष्काळ आला, आणि काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई, थोरली बहीण गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ उरले. दोघं हजारो मैल पायी चालले. १८७८ साली ते कलकत्त्याला पोचले. वाट शोधणं म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून नाही, पायाच्या फोडांतून ठाऊक होतं.

पुढे १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपल्याला वाटेल, झालं, पोचल्या. पण स्वतः रमाबाईंनी आपल्या साक्षीत जे सांगितलं ते प्रत्येक ख्रिस्ती घराने ऐकावं असं आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण खुद्द ख्रिस्त अजून मिळालेला नाही. उपासना होती, अभ्यास होता, समाजसेवा होती. विधवा मुलींसाठी शारदा सदन सुरू झालेलं होतं. तरी आत्म्याची तहान तशीच. मग जशी आहे तशी त्यांनी स्वतःला प्रभूच्या हाती दिली.

त्यानंतरचं काम आपल्या डोळ्यांसमोर आहे. दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुली-बायकांसाठी केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं. आणि साध्या, कमी शिकलेल्या बाईलाही वाचता यावं म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. १९२२ मध्ये देवाघरी जाईपर्यंत त्या या कामात होत्या.

मला या साक्षीत एक गोष्ट फार मोलाची वाटते. रमाबाईंनी स्वतःला विचारलं. आठ वर्षं ख्रिस्ती म्हणून जगलेली, जगभर नाव झालेली बाई 'मला वाट सापडली आहे का?' असं विचारू शकली. थोमाचाच प्रश्न.

आपल्याला कुणी विचारलं तर?

प्रियांनो, आपल्यापैकी पुष्कळ जण ख्रिस्ती घरात जन्मले. संडे स्कूल झालं, दृढीकरण झालं, नाताळला नवे कपडे झाले. वाटेविषयी आपल्याला सगळं माहीत आहे. पण नकाशा घडी करून खिशात ठेवला म्हणजे प्रवास झाला असं होत नाही. वाट ही चालण्यासाठी असते, आणि जेव्हा वाट ही एक व्यक्ती असते, तेव्हा चालणं म्हणजे तिच्याबरोबर राहणं. सकाळी तिच्याशी बोलणं. भांडण झालं की आधी तिचं ऐकणं. दुकानात तराजू धरताना ती शेजारी उभी आहे हे लक्षात ठेवणं.

प्रेषितांची कृत्ये वाचताना एक गंमत दिसते. पहिल्या विश्वासणाऱ्यांना लोक 'त्या मार्गाचे' म्हणून ओळखत. शौल दिमिष्काला निघाला तो या मार्गाच्या लोकांना धरायला. म्हणजे त्यांच्या वागण्यात लोकांना कुठेतरी जाणारी वाट दिसत होती. तुमचा तो मामा, ती आत्या, तो शेजारी वचन वाचण्याआधी तुम्हांला वाचतो. दवाखान्यात रात्रभर कोण बसलं, उसने पैसे कुणी विसरून दिले, कुणी कुणाची निंदा केली नाही, हे तो बघत असतो. पेत्र म्हणतो की आपल्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने. सौम्यतेने! ज्याला फुकट आत घेतलं गेलं, त्याने दाराशी उभं राहून ऐट करायची नसते.

आणि आज हे वाचणारं कुणी खरोखर त्या रात्रीत असेल. घरातलं माणूस गेलं असेल, रिपोर्ट वाईट आला असेल, मुलगा बोलत नसेल, पुढे काय ते दिसत नसेल. तुम्हांला मी एवढंच सांगेन, पुढचा सगळा रस्ता दिसायला पाहिजे असं नाही. थोमालाही दिसला नव्हता. जो म्हणाला 'परत येऊन तुम्हांला घेऊन जाईन', त्याचा हात धरा. नाही धरवला तर त्याला तसं सांगा. तो तुम्हांला धरील.

शेवटी पुन्हा थोमाकडे येऊ. पुनरुत्थानानंतर तो पुन्हा प्रभूसमोर उभा राहिला. प्रभूने आपले हात आणि कूस त्याच्यापुढे केली. ज्या शरीरातून वाट उघडली, त्याच शरीरावरच्या त्या खुणा होत्या. आणि वाट विचारणारा थोमा तिथे येशूला आपला प्रभू आणि आपला देव म्हणाला. पित्याकडे कसं जायचं हे विचारणाऱ्याला समोरच्याच्या जखमांत देव दिसला. केरळच्या मंडळ्यांची जुनी परंपरा अशी आहे की हाच थोमा पुढे समुद्र ओलांडून आपल्या देशात शुभवर्तमान घेऊन आला. ज्याने वाट विचारली, तोच वाट सांगत निघाला.

आज थोडा वेळ शांत बसून स्वतःला विचारा :

१. मला येशूविषयी माहिती आहे, की येशूची ओळख आहे?
२. असा कोणता प्रश्न आहे जो मी लाजेने प्रभूला विचारलेलाच नाही?
३. माझ्या वागण्यामुळे कुणाला देवाचं दार बंद वाटलं आहे का? आज त्याच्याकडे जाऊन मी काय बोलू शकतो?

प्रार्थना

हे प्रभु येशू, तू थोमाचा प्रश्न ऐकून घेतलास, आमचाही ऐकून घे. आम्हांला पुष्कळ वेळा वाट दिसत नाही आणि आम्ही दिसते असं दाखवतो. तू आमच्यासाठी स्वतःचं शरीर मोडू दिलंस आणि पित्याचं दार उघडलंस, म्हणून आम्ही तुझे आभार मानतो. जे आज दुःखात आहेत, आजारी आहेत, एकटे आहेत, त्यांचा हात तू स्वतः धर. आमच्या घरातल्या आणि शेजारच्या माणसांना आमच्या जगण्यातून तुझी वाट दिसू दे. आम्ही कुणाच्याही वाटेतला दगड होऊ नये, एवढी कृपा कर. तुझ्याच पवित्र आणि गोड नावाने मागतो. आमेन.

प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वादित करो.